नावाआधी कारण

विदर्भात जीवाश्म पाहायला लांब जावं लागत नाही. शेतकऱ्याने विहीर खणली, वर आलेला दगड धुऱ्यावर टाकला, की त्या ढिगात कधी कधी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या तळ्याचा तळ पडलेला असतो. आपल्याकडचा काळा कातळ लाव्हाचा, पण तो एका दमात आलेला नाही. एक थर वाहून थंड झाला की मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचायचं, त्यात गोगलगायी व्हायच्या, काठाला ताडवर्गातली झाडं वाढायची, आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. तळ्याच्या गाळात सिलिका मुरली, त्याची चकमक झाली, आणि आत अडकलेले शंख, बिया, खोडं त्या चकमकीत राहून गेली. या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि पलीकडे छिंदवाड्यापर्यंत ते तुकड्यातुकड्यांनी उघडे पडलेले आहेत.

माझी नोकरी नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात, दगडांचे पातळ काप करण्याची. हिऱ्याच्या कडेचं चक्र लावून दगडाची चकती कापायची, तिची एक बाजू कार्बोरंडमच्या पुडीवर घासून गुळगुळीत करायची, ती काचपट्टीला चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची. शेवटी शेवटी बोटांवर विसंबावं लागतं. मध्येच काप उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झचा कण पिवळसर दिसला तर अजून घासायला वाव आहे. करडा-पांढरा दिसला की थांबायचं, नाहीतर क्षणात सगळा काप पाण्याबरोबर वाहून जातो. मोहगाव कलानच्या चकमकीचा असा काप पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात एका फळाच्या भिंतीतल्या पेशी मोजता येत होत्या. बिरबल साहनींनी याच गावच्या दगडातून एनिग्मोकार्पॉन हे फळ जगापुढे आणलं. छिंदवाडा जिल्ह्यातलं ते एवढंसं गाव, पण वनस्पतींच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्यांना ते पाठ असतं.

अशा खोलीत काम करणाऱ्याकडे माणसं दगड घेऊन येतात. एसटीत वाहक असलेले एक भाऊ आठवड्याच्या सुट्टीला नाले पालथे घालायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक मॅडम मुलांनी वेचलेले दगड डब्यात घालून आणायच्या. औषधांच्या दुकानाचे मालक, दोन-तीन शेतकरी, अभियांत्रिकीची काही पोरं. कुणाचंच हे शिक्षण नव्हतं आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, हे का होय?" मी नाव सांगायचो. माणूस खूश होऊन जायचा, आणि पुढे तसाच दिसणारा कुठलाही दगड त्याच्या वहीत त्याच नावाने चढायचा. नाव मिळालं की पाहणं थांबतं. हे मी विद्यार्थ्यांमध्येही पाहिलं आहे आणि पदव्या असलेल्यांमध्येही. म्हणून मॅडमनी सुचवलं की आपण सगळ्यांनी मिळून एक मार्गदर्शिका करू, तेव्हा मी एकच अट घातली. कारण दिल्याशिवाय कुठल्याही दगडाला नाव द्यायचं नाही, आणि ते कारण दुसऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे.

त्या अटीतूनच पानाचा आराखडा ठरला. सगळ्यात वर खडक: चकमक, चुनखडी, लाल-हिरवी माती, की नदीचा गाळ. त्याखाली सापडण्याची स्थिती: थरात होता, विहिरीच्या ढिगात होता, की पात्रात वाहून आलेला. मग काय दिसतं ते. मग कशाशी गल्लत होऊ शकते. नाव शेवटच्या ओळीत, आणि त्यापुढे तीनपैकी एक शेरा: पक्कं, बहुधा, ठरलेलं नाही. औषधांच्या दुकानाचे मालक यावर बरेच दिवस अडून बसले होते. नाव ठळक अक्षरांत वर हवं, नाहीतर लोक वाचणारच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण नाव वर असलं की डोळे खालचं सगळं नावाला जुळवून घेतात, हेही आम्ही समोर बसून करून पाहिलं: तोच दगड, तेच चित्र, एका पानावर नाव वर आणि दुसऱ्यावर खाली. नाव वर असलेलं पान वाचणाऱ्याने दगड उलटून पाहिलाच नाही. त्यानंतर मालकांनी हट्ट सोडला, आणि आज नवीन माणसाला ही मांडणी समजावून सांगण्यात तेच पुढे असतात.

सगळ्यात जास्त वेळ शंखाच्या पानाला गेला, आणि माझ्या मते आमच्या कामातलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे. इंटरट्रॅपियन चकमकीत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मुबलक. त्यातला ठसठशीत म्हणजे जुन्या पुस्तकांत फायसा प्रिन्सेपी या नावाने येतो तो. त्याची ओळख पटवायची रीत शाळकरी पोरालाही जमते. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड डाव्या हाताला आलं तर तो फायसाच्या कुळातला. उजव्या हाताला आलं तर दुसरं काहीतरी, बहुधा पॅल्युडिना किंवा लिम्निया. बहुतेक गोगलगायी उजव्या वळणाच्या असतात, त्यामुळे डावं वळण लगेच उठून दिसतं.

एवढं सोपं असूनही वाद झाले, आणि ते वाद पानावर उतरले म्हणून पान उपयोगी झालं. एसटीतल्या भाऊंकडचा एक शंख स्पष्ट डाव्या वळणाचा दिसायचा, पण त्याची ठेवण पॅल्युडिनाची. सगळा गट तासभर विचारात. मॅडमनी त्यावर ओली मळलेली कणीक दाबली आणि ठसा उचलला, तर ठशातला शंख उजव्या वळणाचा निघाला. भाऊंकडे शंख नव्हताच. शंख विरघळून गेल्यावर दगडात राहिलेली पोकळी होती, आणि पोकळीत सगळं उलटं दिसतं. तेव्हापासून पानावर पहिली सूचना अशी आहे: दगडातून वर आलेला आहे की आत गेलेला, ते बोट फिरवून ठरवा. दुसरी अडचण फोनची. पोरं हातात दगड धरून स्वतःसकट फोटो काढतात, आणि पुढचा कॅमेरा पुष्कळदा आरशातलं चित्र साठवतो. डावं उजवं होतं. त्यामुळे प्रत्येक फोटोत अक्षरं लिहिलेला कागद ठेवायचा हा नियम आला. अक्षरं सुलटी असतील तर वळणावर विश्वास ठेवायचा.

त्याच कागदावर सेंटिमीटरची पट्टी छापली. आधी लोक शेजारी नाणं ठेवायचे. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते चालून जातं. पण रुपयाचं नाणं इतक्या वेगवेगळ्या आकारांत निघालं आहे की फोटोत कुठलं आहे ते वर्ष वाचल्याशिवाय कळत नाही. बाकीच्या सूचना थोडक्यात: एक फोटो कोरडा, एक ओला; ऊन तिरपं असताना काढा, दुपारी बाराचं नको; दगडाच्या मागची बाजूही हवी, कारण खडक तिथेच दिसतो.

त्या शंखाचं नाव मात्र मध्यंतरी बदललं. अलीकडचे अभ्यासक त्याला प्लॅटिफायसा म्हणतात. आमच्या पानावर शेवटची एक ओळ बदलली, बाकी अक्षरही हललं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा डायनासोर असाच. १९९७ मध्ये त्याचं वर्णन टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हणून झालं, २००३ मध्ये तो आयसिसॉरस झाला. हे नाव कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आलं आहे, कारण तिथल्या अभ्यासकांनी तो अभ्यासला. नावं बदलतात तेव्हा हौशी माणसं खट्टू होतात, आपल्याला चुकीचं शिकवलं असं त्यांना वाटतं. ज्याच्याकडे कारण लिहिलेलं असतं, त्याला तसं वाटत नाही. त्याने पाहिलेलं त्याच्याकडेच राहतं.

लाकडाच्या पानावर माझ्या कापांचा उपयोग झाला. ताडवर्गातल्या खोडाचा दगड आडवा कापला आणि ओला केला, की सगळीकडे विखुरलेले ठिपके दिसतात. ते पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे. सालीकडे दाट, मध्याकडे विरळ. इतर झाडांच्या लाकडात मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा आणि त्यांच्यामध्ये नळ्यांची भोकं दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. त्यापुढची ओळख, म्हणजे कुठल्या कुळातलं झाड, ती सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही, आणि आमचं पान तसं स्पष्ट सांगतं: इथे थांबा. अनेक मार्गदर्शिका शेवटपर्यंत घेऊन जायचा आव आणतात आणि वाचणाऱ्याला खोटा भरवसा देतात. कुठे थांबायचं हे सांगणं मला ओळख सांगण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मग आला 'जीवाश्म नव्हे' हा भाग. सगळ्यात लठ्ठ भाग तोच झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण आमच्याकडे आलेल्या दगडांत बहुतेक याच भागातले होते. चकमकीच्या किंवा चुनखडीच्या भेगेवर नेच्याचं पान वाटावी अशी काळी नक्षी असते. ती मँगनीजच्या ऑक्साइडची. तिला मधली शीर नसते, जाडी नसते, आणि ती नेहमी भेगेच्या कडेपासून आत पसरत जाते. काळ्या कातळाच्या तळाशी उभ्या, बोटभर लांब, पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या नळ्या असतात. त्यांना लोक दात म्हणतात, मुळं म्हणतात. लाव्हा ओलसर जमिनीवरून गेला तेव्हा वाफ वर चढली, तिने केलेल्या त्या वाटा.

आणि अंडी. "हे अंडं नाही तं काय होय जी?" एका शेतकऱ्याने वावरातून आणलेला गोल गोटा टेबलावर ठेवत विचारलं होतं. कातळ झिजताना त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गोटा उरतो. महाराष्ट्रभर पडीक जमिनीत असे गोटे आहेत, आणि वर्तमानपत्रांत त्यांच्या 'डायनासोरच्या अंड्यां'च्या बातम्याही आल्या आहेत. त्या शेतकऱ्याला मी हातोडी दिली. गोट्याचा एक पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. खऱ्या अंड्याला कवच एकच असतं, काही मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगाखाली त्यावर बारीक छिद्रं दिसतात. शिवाय अंडं कातळात नसतं. त्याच्या खालच्या लॅमेटा थरात, वाळूमिश्रित चुनखडीत असतं. पुन्हा खडकच आधी. शेतकरी हिरमुसला खरा, पण जाताना त्याने पापुद्र्याचे तुकडे बरोबर नेले. गावात दोघा-तिघांकडे तसेच गोटे जपून ठेवलेले आहेत, त्यांना दाखवायचे होते त्याला.

लोकांचा हा विश्वास उगाच नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात, खरी अंडी आहेतच: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. आमच्या पानावर धारच्या अंड्याचा आडवा छेद आणि वावरातल्या गोट्याचा छेद शेजारी शेजारी रेखाटले आहेत.

पिसदुऱ्याचं पान लिहिताना सगळ्यांच्या अंगात आलं होतं. वरोऱ्याजवळचं हे गाव. इथल्या लॅमेटा थरातून सुटून मातीवर विखुरलेली डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. भूशास्त्रज्ञ मॅटली यांनी १९३९ मध्ये तिचं वर्णन केलं. २००५ मध्ये याच विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण मिळाले, आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतं ही समजूत मोडली. पोरांना सांगितलं तर ती हसतात, मग एकदम गप्प होऊन विचारतात की हे कसं कळलं. तो प्रश्न यावा म्हणूनच हे पान आहे. ओळखायच्या खुणा अशा: एक टोक निमुळतं, अंगावर आडव्या चापलेल्या जागा, पृष्ठभागावर वाळताना पडलेल्या भेगा. चुनखडीचे गोळे फार जवळचे दिसतात. त्यांच्यावर सौम्य आम्ल टाकलं की ते फसफसतात, पण विष्ठेच्या दगडातही कधी कधी चुना मुरलेला असतो, म्हणून आम्लाच्या खुणेपुढे आम्ही 'बहुधा' लिहिलं आहे. आणि आम्ल थेट नमुन्यावर टाकायचं नाही, त्याच्या शेजारच्या मातीच्या तुकड्यावर आधी टाकून पाहायचं.

याच पानावरून ठिकाणांचा प्रश्न उभा राहिला. पिसदुऱ्याचं नाव शंभर शोधनिबंधांत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण एखाद्याने दाखवलेली नवी जागा छापली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे काही उरणार नाही, ही भीती खरी आहे. विकणारे आहेत, आणि प्रेमाने गोळा करणारेही जागा रिकामी करतात. जीवाश्मांसाठी वेगळा केंद्रीय कायदा हे लिहीत असताना तरी झालेला नाही. खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा काढला होता. वनजमिनीवरून दगडसुद्धा उचलता येत नाही, आणि सिरोंच्याकडची वडधमसारखी जीवाश्मांची जागा तर वनखात्याच्या ताब्यातच आहे. आम्ही शेवटी दोन वह्या केल्या. छापील मार्गदर्शिकेत तालुका आणि खडकाचा थर एवढंच. नेमकी जागा, वावराच्या मालकाचं नाव, तारीख हे सगळं विभागातल्या हस्तलिखित वहीत, आणि ती वही मागणाऱ्याने कशासाठी हवी ते लिहून द्यायचं. अभियांत्रिकीच्या पोरांना हे पटलेलं नाही. ज्ञान सर्वांचं असेल तर जागाही सर्वांची, असं ती म्हणतात. मला त्यांचं म्हणणं कळतं, तरी मी वहीच्या बाजूने आहे. थरातून उखडलेल्या हाडाला भाव येईल, पण ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलं होतं हे गेलं की त्याच्याकडून शिकण्यासारखं फार थोडं उरतं. त्यामुळे पानोपानी एक सूचना आहे: विहिरीच्या ढिगातला सुटा दगड मालकाला विचारून घ्या, थरात रुतलेल्या हाडाला हात लावू नका, फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

नेमकी जागा लिहून ठेवण्याचं मोल नागपूरकरांना हिस्लॉप यांच्यामुळे कळायला हवं. स्टीफन हिस्लॉप हे धर्मप्रचारक, १८४५ मध्ये नागपुरात आले. भूशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते आसपासच्या टेकड्या फिरले आणि टाकळीसारख्या जागांवरचे शंख वेचले. १८६० मध्ये त्यांनी त्या शंखांचं वर्णन लंडनमध्ये छापून आणलं, आणि प्रत्येक शंखासोबत तो मिळाला ते गाव दिलं. टाकळी आज शहरात बुडून गेली आहे. त्या थरांबद्दल बोलायचं तर त्यांच्या नोंदींकडेच जावं लागतं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. आमच्या मार्गदर्शिकेच्या सुरुवातीला त्यांच्याबद्दल अर्धं पान आहे, आणि ते एसटीतल्या भाऊंनी लिहिलेलं आहे.

सध्या नदीच्या हाडांचा भाग चालू आहे. गोदावरी, मांजरा, पूर्णा यांच्या जुन्या गाळात हिमयुगातली जनावरं मिळतात. नांदूर मधमेश्वरला प्राचीन हत्ती मिळाला, लातूर जिल्ह्यात हरवाडीला पाणघोड्यासकट बरंच काही. पण पात्रात सापडणारे बहुतेक दात हे गेल्या पन्नास-शंभर वर्षांतल्या गायीम्हशींचे असतात. तापवलेली सुई टेकवल्यावर केस जळल्याचा वास आला तर हाड ताजं, ही खूण आम्ही घेतली आहे. जडपणा आणि काळा रंग या दोन खुणांवर मात्र मॅडमनी काट मारली, कारण चिखलात दोन पावसाळे पडलेला म्हशीचा दातही काळा होतो. त्यांनी शाळेमागच्या ओढ्यातला तसा एक दात टेबलावर आणून ठेवला. हत्तीच्या दाढेच्या पट्ट्यांचं रेखाटन तयार आहे. गायीच्या आणि रानगव्याच्या दातांत फरक दाखवणारी खूण अजून कुणालाच खात्रीने सांगता आलेली नाही. त्यामुळे ते पान 'ठरलेलं नाही' या शेऱ्यासह छापायचं ठरलं आहे, आणि खाली चार फोटो चिकटवण्यापुरती जागा मोकळी सोडली आहे.